दोनशे एकमधला तबला

आमच्या सोसायटीची सेक्रेटरी मी झाले ती दुसरं कुणी हात वर करेना म्हणून. ठाण्यात नौपाड्याच्या एका आतल्या गल्लीत आमची बिल्डिंग आहे. तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही, १९८५च्या सुमाराची. त्या काळच्या बांधकामाची सगळी लक्षणं अंगावर आहेत: बाहेरच्या भिंती नऊ इंची, आतल्या आणि दोन घरांमधल्याही चार इंची, पावसाळ्यात जिन्यात ओल. सेक्रेटरीचं काम म्हणजे टाकी धुवून घेणं, मेंटेनन्स थकवणाऱ्यांना आठवण करणं आणि वर्षातून एकदा ऑडिटरसमोर बसणं, अशी माझी समजूत होती.

दोनशे एकमध्ये तबल्याचे सर राहतात. पूर्वी ते शाळेत संगीत शिकवायचे आणि संध्याकाळी भाड्याच्या एका हॉलमध्ये क्लास घ्यायचे. लॉकडाउनमध्ये हॉल सुटला आणि ऑनलाइन शिकवणं सुरू झालं. (तबला ऑनलाइन शिकवणं हा एक विनोदच. आवाज पलीकडे उशिरा पोचतो, त्यामुळे गुरू-शिष्यांना एका लयीत एकत्र वाजवताच येत नाही.) निर्बंध उठले तशी मुलं थेट सरांच्या घरी यायला लागली. आधी चार होती, मग वाढत गेली. वाढण्याचं कारण नुसती आवड नव्हे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका अशा परीक्षा देत गेलं की दहावीला वाढीव गुण मिळतात, त्यामुळे सहावी-सातवीतल्या मुलांना पालकच आणून बसवतात. शनिवारी संध्याकाळी सरांच्या हॉलमध्ये दहा जोड्या मांडलेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत.

तक्रारीचा कागद एकशे एकच्या काकांनी आणून दिला. त्यांचं घर सरांच्या बरोबर खाली. ‘दोनशे एकमध्ये अनधिकृतपणे चालणारा तबल्याचा व्यावसायिक क्लास तात्काळ बंद करण्यात यावा’ असा मजकूर आणि खाली पाच घरांच्या सह्या. काका निवृत्त इंजिनिअर, अक्षर सुरेख, भाषा नोटिशीची. पोचपावती मागून घेतली त्यांनी.

कमिटीत कागद वाचला तेव्हा चेअरमन हसले. “संगीत आहे हो, डीजे थोडाच आहे?” हे वाक्य त्यानंतरच्या काही महिन्यांत मी इतक्या तोंडांतून ऐकलं की ते कोण बोलतं याचा मला अंदाज बांधता यायला लागला. ज्यांच्या भिंतीला तबल्याची भिंत लागलेली नाही, ते बोलतात. चेअरमन तळमजल्यावर दुसऱ्या टोकाला राहतात, आणि त्यांचा नातू सरांकडेच शिकतो. ही दुसरी गोष्ट मी इतिवृत्तात लिहायला लावली आणि या विषयावरच्या मतदानातून त्यांनी बाहेर राहावं असं सुचवलं. ते आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत, पण बाहेर राहिले.

मग मी सह्या करणाऱ्या पाचही घरांत जाऊन आले. आपल्याकडे सही मागितली की माणसं करतात. का केली ते नंतर विचारावं लागतं. एका घराला त्रास होता तो स्कूटरींचा. मुलांना सोडायला आलेले पालक गेटच्या आत गाड्या आडव्या लावतात आणि पाऊण तास तिथेच मोबाइल बघत बसतात. दुसऱ्या घराला जिन्यातल्या चपलांचा. तिथल्या आजी एकदा चपलांच्या ढिगात अडखळल्या होत्या. तिसऱ्या घरानं सांगितलं, “काका म्हणाले म्हणून केली.” म्हणजे तबला खरोखर ऐकू येणारी घरं दोन: खालचं एकशे एक आणि शेजारचं दोनशे दोन. पाच सह्यांच्या कागदात तीन वेगवेगळी भांडणं होती, आणि कागदावर त्या सगळ्यांचं नाव तबला पडलं होतं.

चपला आणि स्कूटरी हे सोपं होतं. सरांनी दाराच्या आत रॅक लावला. गेटवर ‘पालकांच्या गाड्या बाहेर’ अशी पाटी लागली आणि वॉचमनला तसं सांगितलं. पाटी लागल्यावर दोन सह्या विरघळल्या. इथवर प्रकरण संपल्यातच जमा आहे असं कमिटीला वाटत होतं.

मी काकांना म्हटलं, मला तुमच्या घरी बसून ऐकायचंय. त्यांनी आतल्या खोलीत खुर्ची ठेवली. चारच्या सुमारास वर सुरू झालं. माझी अपेक्षा आवाज भिंतीतून येईल अशी होती. आला तो छतातून. ‘धा धा ति ट धा धा तू ना’. नव्या मुलांना शिकवतात तो पहिलावहिला कायदा, म्हणजे ठरावीक बोलांची रचना. तबल्याचा वरचा टणत्कार जवळजवळ येतच नव्हता. येत होता तो डग्ग्याचा, म्हणजे जोडीतल्या खर्जाच्या वाद्याचा, घुमारा, छातीत कुठेतरी जाणवणारा. कायदा नीट जायचा, मग पलटा, म्हणजे त्याच बोलांची उलटापालट, यायचा आणि पलट्यात एका ठिकाणी तो मुलगा अडकायचा. थांबायचा. पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या खेपेला माझ्या लक्षात आलं की मी हातातला चहा तसाच धरून तो मुलगा ती जागा ओलांडतो का याची वाट बघते आहे.

काका म्हणाले, “सगळी मुलं एकदम वाजवतात ना ताई, तेव्हा त्रास कमी होतो. एकटा नवा मुलगा असला की संपलं. मला आता पलटे पाठ आहेत. कुठे चुकणार ते आधी कळतं.” काकांची बायपास झालेली. दुपारी जेवून पडायचं असा डॉक्टरांचा सल्ला. आणि एक गोष्ट त्यांनी अगदी शेवटी, दाराशी सांगितली. जिन्यात भेटणारे लोक त्यांना अरसिक म्हणायला लागले होते. या माणसानं गडकरी रंगायतनमधल्या मैफली तिकीट काढून ऐकल्यात. तरुणपणी रात्र-रात्र बसून ऐकल्यात. त्यांना त्रासापेक्षा हे लागलं होतं. मला वाटतं आपल्याकडे संगीताच्या बाबतीत तक्रार करणाऱ्याला दुप्पट ओझं असतं. शेजारी ग्राइंडर चालत असेल तर तक्रार म्हणजे तक्रार. तबला असेल तर आधी आपण सुसंस्कृत आहोत हे सिद्ध करा, मग बोला.

दोनशे दोनची गोष्ट वेगळी. तिथे तरुण जोडपं, मूल आठ महिन्यांचं, आणि बायकोचं काम अमेरिकेच्या वेळेवर चालणारं. रात्री दोनपर्यंत कॉल. दुपारी बाळ झोपलं की हीसुद्धा झोपणार, तर चारची बॅच. तिच्या नवऱ्यानं वैतागून एकदा ११२ला फोन केला होता, हे मला त्याच्याकडूनच कळलं. बीट मार्शल, म्हणजे गस्तीवरचे पोलीस, आले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “लाउडस्पीकर आहे का?” नव्हता. आत डोकावले तर सहा-सात पोरं मांडी घालून बसलेली. “मुलं शिकतायत, चांगलं आहे की,” म्हणून निघाले, पण जाताना “बाजूच्यांनी तक्रार केलीय, जरा सांभाळून घ्या” असं सरांना सांगून गेले. झालं. त्या दिवसापासून दोन घरांमधलं बोलणं बंद. जानेवारी २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं भोंग्यांच्या एका प्रकरणात पोलिसांना बजावलं आहे की आवाजाची तक्रार आली तर तक्रारदाराच्या ओळखीच्या मागे लागू नका आणि त्याचं नाव समोरच्याला कळू देऊ नका. कारण उघड आहे. पण चार दारांच्या मजल्यावर नाव लपवून लपणार किती?

मी विमा कंपनीत नोकरी केलेली, त्यामुळे बारीक अक्षरातल्या अटी वाचायची सवय. कायदा वाचायला घेतला. आवाजाचा मुख्य कायदा म्हणजे ‘ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २०००’. त्यात विभागवार मर्यादा आहेत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. व्यापारी भागात ६५ आणि ५५. शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. दिवस म्हणजे सकाळी सहा ते रात्री दहा. मर्यादेपेक्षा दहा डेसिबल किंवा त्याहून जास्त आवाज असेल तर त्या नियमांखाली तक्रार करता येते. १८ जुलै २००५च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात तर रात्री दहा ते सहा या वेळेत ढोल बडवणं, तुतारी फुंकणं, कुठलंही वाद्य वाजवणं यावर सरळ बंदी घातलेली आहे. आमच्या ठाण्याचा या विषयाशी जुना संबंध आहे, डॉ. महेश बेडेकरांनी उत्सवांतल्या आवाजाविरुद्ध जी जनहित याचिका केली, तिच्यावर ऑगस्ट २०१६मध्ये उच्च न्यायालयाचा मोठा निकाल आला. नौपाड्यात डेसिबल हा शब्द भाजीवालीलाही माहीत आहे म्हटलं तरी चालेल.

पण आमच्या कामाला यातलं काहीच येईना. सरांचा क्लास रात्री साडेआठला संपायचा, त्यामुळे रात्रीचे नियम गेले. लाउडस्पीकर नाही, त्यामुळे त्याच्या परवानगीचा विषय गेला. राहिले ५५ डेसिबल. फोनवर ॲप घेऊन मी दोनशे दोनच्या हॉलमध्ये उभी राहिले. फोनचं ॲप म्हणजे पुरावा नव्हे, पण अंदाज येतो. खिडक्या उघड्या आणि तबला बंद असताना आकडा साठच्या वर. बाहेर रिक्षा, हॉर्न, समोरच्या प्लॉटवर रिडेव्हलपमेंटचं खोदकाम. खिडक्या बंद आणि तबला चालू असताना आकडा चाळीस-पंचेचाळीसच्या मध्ये. म्हणजे कायद्याच्या हिशेबानं रस्ता गुन्हेगार आणि तबला निर्दोष! शिवाय नियमातला आकडा हा ठरावीक वेळेतली सरासरी असतो, आणि मोजताना खालच्या स्वरांचं वजन मुद्दाम कमी धरलेलं असतं, कारण माणसाच्या कानाला ते कमी ऐकू येतात. डग्गा नेमका तिथेच राहतो. काकांना छातीत जाणवणारा ठोका मीटरवर दिसतच नव्हता.

काका इंजिनिअर. त्यांना हे आकडे दाखवले तेव्हा ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले आणि म्हणाले, “बरोबर आहेत. म्हणजे आता मला त्रास होत नाही असं समजायचं का?”

दुसरी वाट सोसायटीच्या उपविधींची, म्हणजे तिच्या अंतर्गत नियमांची. सदनिकेत असं काही करू नये ज्यानं इतर सभासदांना उपद्रव होईल, हे त्यात आहेच. आदर्श उपविधींमध्ये कुठली तक्रार कुणाकडे न्यायची याची यादीही आहे: काही गोष्टी निबंधकांकडे, काही सहकार न्यायालयात, बेकायदा बांधकाम महापालिकेकडे, सदनिकेच्या अनधिकृत वापरानं होणारा उपद्रव पोलिसांकडे. कमिटीतल्या एकांना तेच हवं होतं. ‘व्यावसायिक वापर’ म्हणून नोटीस काढा, महापालिकेला पत्र द्या, मालमत्ता कर बिगरनिवासी दरानं लागला की सर आपोआप क्लास बंद करतील. मला ते पटेना. म्हटलं, काढूया नोटीस, पण मग एकशे तीनमध्ये गणिताच्या शिकवण्या चालतात त्यांनाही काढूया. तीनशे दोनमध्ये ब्लाउज शिवले जातात. तळमजल्यावर आठवड्यातून तीनदा फेशियल होतं. आणि तुमच्या सूनबाई डब्यांच्या ऑर्डरी घेतात ना? सभागृह शांत झालं. (सभागृह म्हणजे मीटर रूमशेजारची खोली, पण इतिवृत्तात सभागृह लिहायची पद्धत आहे.) या शहरातल्या जुन्या सोसायट्या घरगुती उद्योगांवरच चालल्या आहेत. मध्यमवर्गीय बायकांनी त्यावर मुलं शिकवली. व्यवसाय हा शब्द एकदा हत्यार म्हणून बाहेर काढला की तो तबल्यापाशी थांबत नाही.

सरांकडे मी सगळ्यात शेवटी गेले, आणि तिथे तक्रार ऐकून घेण्यापेक्षा मलाच जास्त ऐकावं लागलं. त्यांचा पहिला मुद्दा असा की आवाज कमी करून वाजवा हे सांगणं तबल्याच्या बाबतीत निरर्थक आहे. निकास म्हणजे बोल वाजवण्याची जी पद्धत, ती बसायला हात मोकळा पडावा लागतो. दबकत वाजवणाऱ्या मुलाचा ‘धा’ आयुष्यभर दबका राहतो. दुसरा मुद्दा पैशाचा. ठाण्यात संध्याकाळी हॉल भाड्यानं घेऊन क्लास चालवायचा तर फी जवळजवळ दुप्पट करावी लागेल आणि निम्मी मुलं जातील. आणि तिसरं त्यांनी थोडं रागानंच दाखवलं: हॉलच्या दोन भिंतींना पिरॅमिडच्या आकाराचे फोम लावलेले. स्वखर्चानं. “शेजाऱ्यांसाठीच लावले. कुणी विचारलं का?”

फोमचा काही उपयोग झालेला नव्हता, हे सरांनाही कळत नव्हतं आणि मलाही. ते उलगडलं माझ्या मैत्रिणीच्या भावामुळे. तो रेकॉर्डिंग स्टुडिओंची कामं करतो. एका रविवारी सकाळी आला, हॉलमध्ये टाळी वाजवली, भिंतीवर बोटं वाजवली आणि जमिनीवर कान लावला. त्यानं सांगितलं ते असं. फोम खोलीतला प्रतिध्वनी शोषतो. खोलीत बसलेल्याला आवाज कोरडा, स्वच्छ लागतो. पलीकडे जाणारा आवाज त्यानं अडत नाही. अडवतं ते वजन. चार इंची विटांची भिंत, दोन्हीकडून गिलावा असेल तर, साधारण ४५ डेसिबल अडवते. दुप्पट जाड केली तर फार फार तर ५०. म्हणजे भिंती वाढवण्यात अर्थ नाही. त्याउलट फटी बघा. आवाज पाण्यासारखा असतो, जिथे फट सापडेल तिथून जातो. दोनशे एक आणि दोनशे दोनची दारं शेजारीशेजारी, आणि सरांच्या दाराखाली बोटभर फट. भिंत बिचारी अडवत होती आणि आवाज दाराखालून बाहेर पडून शेजारच्या दाराखालून आत जात होता.

खालच्या घराचा रोग निराळा. तबला चुंबळीवर असतो, चुंबळ फरशीवर, फरशी स्लॅबवर. वर ठोका पडला की तो हवेतून जायच्या आधी थेट सिमेंटमधून जातो आणि काकांचं अख्खं छत वाजतं. सतरंजी टाकून ते थांबत नाही. जमिनीपासून वाद्य सुटं करायला हवं. त्यानं वहीत आकृती काढून दिली: खाली जाड रबराचे ठोकळे थोड्या थोड्या अंतरावर, त्यावर प्लायचे दोन थर, मध्ये रबरी शीट, वर जाड गालिचा. भिंतीला कुठेही टेकू द्यायचा नाही, टेकलं की सगळं फुकट. पूर्ण आवाजबंद खोली करायची तर खोलीच्या आत दुसरी खोली बांधावी लागते, त्याचा खर्च लाखांत. हे चौथरं सुताराकडून काही हजारांत होईल.

खर्च कुणी करायचा यावर एक सभा गेली. सोसायटीच्या फंडातून देणं शक्य नव्हतं आणि योग्यही नव्हतं. दोनशे दोननं आपल्या दाराला रबराची पट्टी स्वतः लावून घेतली. चौथरं आणि आपल्या दाराचं काम सरांनी केलं. पुढच्या महिन्यापासून फी वाढली, आणि मग पालकांचा एक वेगळा गट कुरकुरायला लागला. ते भांडण सोसायटीच्या हद्दीबाहेरचं, मी त्यात पडले नाही.

चौथऱ्यानं फरक पडला. काकांच्या खोलीत पुन्हा खुर्ची टाकून बसले तेव्हा घुमारा बराच उतरला होता, पण गेला नव्हता. काकांनी मान डोलावली. “साठ टक्के,” म्हणाले. इंजिनिअर माणूस आकड्याशिवाय समाधान सांगत नाही. उरलेल्या चाळीस टक्क्यांसाठी वेळापत्रक लागलं, आणि या प्रकरणातलं खरं काम मला विचाराल तर तिथे झालं.

वेळापत्रक ठरवायला मी तिघांनाच बोलावलं: सर, काका आणि दोनशे दोनमधली ती मुलगी. कमिटी नाही, चेअरमन नाही, इतिवृत्त नाही. माझ्याच घरी, पोहे करून. आधी काही वेळ प्रत्येकानं आपापली फिर्याद मांडली. मग त्या मुलीनं विचारलं, “सर, चारला जी बॅच येते ती चारलाच का?” सर म्हणाले, शाळा सुटून मुलं थेट येतात म्हणून. मग कळलं की त्यातल्या तीन मुलांना चारचीच वेळ हवी असं नाही. ती सकाळीही येऊ शकतात, फक्त सरांना सकाळी कुणी विचारलं नव्हतं. सकाळी साडेनऊ ते अकरा काका फिरायला, बँकेत, मंडईत असतात. त्या मुलीचा नवरा त्या वेळात बाळाला खाली घेऊन जातो. आम्ही चौघं कागदावर सात वार आखून बसलो, आणि आठवड्यातले तास हलवत गेलो.

शेवटी असं ठरलं. दुपारी दीड ते पाच तबला बंद. नव्या मुलांची, म्हणजे त्या अडखळणाऱ्या मुलांची, बॅच सकाळी. संध्याकाळी पाच ते आठ मोठी मुलं. रविवारी फक्त सकाळी. आणि सरांनी आपणहून एक गोष्ट सुचवली जी मला फार आवडली: प्रत्येक तासाची पहिली वीस मिनिटं पढंत. हातानं ताल देत बोल तोंडानं म्हणायचे, तबल्याला हात लावायचा नाही. “तसंही जुनी पद्धत तीच आहे,” सर म्हणाले, “मीच आळस करत होतो. मुलांना वाजवायचं असतं.” पलटा तोंडात पक्का बसल्याशिवाय हातात द्यायचा नाही, असं ठरलं. काका त्यावर पहिल्यांदा हसले. त्यांचं निम्मं दुखणं त्या पलट्यातच होतं.

मंडळाच्या परीक्षा एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर अशा दोन सत्रांत होतात. त्याआधीचे तीन आठवडे जादा तास लागतात. ते कुठले, हे सरांनी आधी ग्रुपवर टाकायचं. यावर मी हट्ट धरला, कारण अचानक आलेला आवाज आणि सांगून आलेला आवाज यांत माणसाच्या डोक्याला फरक पडतो. काका आता परीक्षेच्या आठवड्यात बहिणीकडे डोंबिवलीला जाऊन राहतात. तिथे शेजारी नाट्यसंगीताचा क्लास आहे, पण तो म्हणे गोड लागतो.

ठरलेलं सगळं मग एका पानावर लिहून कमिटीपुढे ठेवलं आणि ठरावात नोंदवून घेतलं. याचा आग्रह मी मुद्दाम धरला. तोंडी समजूत सेक्रेटरी बदलली की विरून जाते. ठरावात मी ‘क्लासला परवानगी’ असे शब्द येऊ दिले नाहीत, कारण परवानगी देण्याचा अधिकार सोसायटीला आहे की नाही हाच वाद पुढे कुणीतरी काढला असता. लिहिलं ते एवढंच की संबंधित तीन सभासदांनी आपसांत खालील वेळा मान्य केल्या आहेत आणि कमिटीनं त्याची नोंद घेतली आहे. सहा महिन्यांनी फेरविचार.

फेरविचारापर्यंत काही गोष्टी मोडल्या. दिवाळीच्या सुट्टीत बाहेरगावचा एक शिष्य मुक्कामाला आला आणि भर दुपारी दोन तास सोलोची तयारी करत बसला. काकांनी कागद न लिहिता नुसता फोन केला आणि वाजणं थांबलं. दोनशे दोनमधली मुलगी आणि सरांच्या पत्नी पुन्हा बोलायला लागल्या, पण पूर्वीसारखं नाही. पोलिसांना बोलावलं होतं हे सरांच्या घरात कुणी विसरलेलं नाही आणि विसरावं अशी माझी अपेक्षाही नाही. चेअरमनचा नातू ‘प्रवेशिका प्रथम’ ही परीक्षा पास झाला. पेढे आले. काकांनी पेढा घेतला आणि त्याला विचारलं, “पलट्यात अजून अडकतोस का रे?” मुलगा गोंधळून आईकडे बघत राहिला.

आता नवीन अर्ज आला आहे. सरांची मुलगी गिटार शिकवते, बाहेर एका अकॅडमीत. तिला शुक्रवार-शनिवार घरी बॅच घ्यायची आहे, इलेक्ट्रिक गिटार, ॲम्प्लिफायरसह. इथे मात्र नियमांत बोट ठेवायला जागा आहे: खाजगी जागेत स्वतःची ध्वनियंत्रणा लावली तर त्या जागेच्या हद्दीवर आवाज मर्यादेपेक्षा पाच डेसिबलहून जास्त असता कामा नये, असं त्याच नियमांत आहे. मी तिला ॲम्प्लिफायरऐवजी हेडफोनवर शिकवता येईल का असं विचारलं. ती म्हणते दोन मुलांपर्यंत येईल, चारला नाही. काकांनी यावेळी कागद लिहिलेला नाही, पण चौथऱ्याची आकृती मागून नेली आहे. विषय सप्टेंबरच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर सहाव्या क्रमांकाला आहे, पाण्याच्या टाकीच्या वॉटरप्रूफिंगनंतर.